घोड्याच्या गोठित रेताचा दर्जा कसा राखावा

भीमथडीचे तट्टू हा शब्दप्रयोग मराठी माणसास नवा नाही. भीमा व नीरा या नद्यांच्या काठी वाढलेल्या या काटक जनावरांनी मराठ्यांच्या घोडदळाची सेवा केली, आणि आजही मेंढपाळ धनगर कुटुंबांचे बिऱ्हाड याच तट्टांच्या पाठीवरून रानोरान फिरत असते. या भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून देशाच्या नोंदीत गणना झाली, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु नोंद झाल्याने जात टिकते असे नाही. सन २०१९ च्या पशुगणनेत देशातील घोडे व तट्टे यांची संख्या सुमारे ३ लाख ४० हजार इतकीच भरली. सन २०१२ च्या गणनेशी तुलना करता ही घट शेकडा ४५ हून अधिक आहे. जनावरे जसजशी कमी होतात, तसतसे चांगल्या वळू घोड्यांचे महत्त्व वाढते. कारण उत्तम घोडा एका गावी आणि त्यास योग्य अशी घोडी दुसऱ्या जिल्ह्यात, असा प्रकार वरचेवर घडू लागतो.

या अडचणीवर गोठित रेत हा एक उपाय आहे. घोड्याचे रेत उणे १९६ अंश सेल्सिअस तपमानाच्या द्रव नत्रात साठविल्यास ते अनेक वर्षे टिकते, दूरच्या गावी नेता येते आणि घोडा मेल्यावरही त्याचा वंश पुढे चालविता येतो. मात्र घोड्याचे गोठित रेत हे गाईच्या गोठित रेताइतके खात्रीचे साधन अद्याप झालेले नाही. घोडीचा गाभणकाळ सुमारे ११ महिन्यांचा असतो. एक हंगाम वाया गेला म्हणजे मालकाचे एक वर्ष, त्या वर्षीची वैरण आणि एक शिंगरू गेले असे समजावे. यास्तव गोठित रेताचा दर्जा कशावर अवलंबून असतो, तो कोठे घसरतो आणि तो राखण्यासाठी काय करावे, हे अश्वपालकांनी व गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

मूळ तत्त्व

प्रथम एक गोष्ट मनात पक्की धरावी. गोठविण्याने रेताचा दर्जा वाढत नाही. तो फार तर राखला जातो. घोड्याच्या अंगातून बाहेर पडतेवेळी रेताचा जो दर्जा असतो, तो सर्वांत वरचा. त्यानंतर संकलन, विरलन, थंड करणे, गोठविणे, साठवण, वाहतूक, वितळविणे आणि रेतन या प्रत्येक पायरीवर काही शुक्रजंतू मरतात. कळशीला आठ भोके असतील तर सात बुजवून पाणी राहत नाही. त्याचप्रमाणे प्रयोगशाळेने कितीही काळजी घेतली तरी गावात नत्रपात्र कोरडे पडल्यास किंवा घोडीची वेळ चुकल्यास सर्व श्रम व्यर्थ जातात. दर्जा सुधारणे म्हणजे प्रत्येक पायरीवरील गळती कमी करणे होय.

थोडा पूर्वेतिहास

थंडीने शुक्रजंतू निश्चल होतात व ऊब मिळताच पुन्हा हालू लागतात, ही गोष्ट इटलीतील शास्त्रज्ञ स्पालान्झानी याने अठराव्या शतकातच पाहिली होती. विसाव्या शतकाच्या आरंभी रशियात इवानोव्ह याने घोड्यांत कृत्रिम रेतनाचे काम मोठ्या प्रमाणावर केले. भारतात कृत्रिम रेतनाचा पहिला यशस्वी प्रयोग सन १९३९ मध्ये म्हैसूर येथे संपत कुमारन यांनी गुरांत केला. रेत गोठविण्याची खरी किल्ली सन १९४९ मध्ये इंग्लंडात सापडली. पोल्ज, स्मिथ व पार्क्स यांनी ग्लिसरीन मिसळल्यास शुक्रजंतू गोठूनही जिवंत राहतात असे दाखविले. सन १९५७ मध्ये कॅनडात बार्कर व गँडियर यांनी घोड्याच्या गोठविलेल्या शुक्रजंतूंपासून घोडी गाभण राहिल्याचे प्रसिद्ध केले.

आपल्या देशात हे काम राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे आहे. या केंद्राचे मुख्यालय हरियाणात हिसार येथे असून पैदासविषयक कार्य राजस्थानात बिकानेर येथे चालते. बिकानेर येथे सन २०२३ मध्ये गर्भरोपणाने मारवाडी जातीचे शिंगरू जन्मास आले, व सन २०२४ मध्ये गोठविलेल्या गर्भाचे रोपण करूनही शिंगरू मिळविण्यात आले. अशा पुढच्या पद्धतींचा पायाही चांगले रेत हाच आहे.

गाईचा अनुभव घोडीस लावू नये

गावपातळीवरील कार्यकर्त्यास गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनाची सवय असते. ही सवय उपयोगाची आहे, परंतु तीच काही ठिकाणी घातक ठरते. म्हणून दोहोंतील फरक स्पष्ट सांगणे आवश्यक आहे.

गाईसाठी पाव मिलिलिटरची एक कांडी पुरते आणि तीत साधारण २ कोटी शुक्रजंतू असतात. घोडीस मात्र वितळविल्यानंतर सरळ पुढे धावणारे सुमारे २५ कोटी शुक्रजंतू मिळावे लागतात. त्यासाठी अर्धा मिलिलिटरच्या आठ कांड्यांची एक मात्रा करण्याची पद्धत सर्वत्र आढळते. एकच कांडी वापरून घोडी फळली नाही म्हणून रेतास दोष देणे योग्य नव्हे.

वळूच्या गोठित रेतात वितळविल्यावर निम्मे शुक्रजंतू चलनशील असावेत अशी अपेक्षा असते. घोड्याच्या रेतात शेकडा ३० ते ३५ शुक्रजंतू पुढे धावणारे आढळल्यास ते रेत वापरण्याजोगे मानतात.

तिसरा व सर्वांत महत्त्वाचा फरक वेळेचा आहे. गाईचे स्त्रीबीज माज संपल्यावर काही तासांनी सुटते. म्हणून सकाळी माज दिसल्यास संध्याकाळी व संध्याकाळी दिसल्यास दुसऱ्या सकाळी रेतन करावे, हा नियम गाईस लागू पडतो. घोडीचा माज पाच ते सात दिवस चालतो आणि स्त्रीबीज माज संपण्याच्या एक-दोन दिवस आधी सुटते. त्यामुळे माजाच्या पहिल्या दिवशी केलेले रेतन बहुधा फुकट जाते.

घोड्याची निवड व जोपासना

सर्वच घोड्यांचे रेत सारखे गोठत नाही. दिसण्यास देखणा, चालीत उत्तम व नैसर्गिक संयोगाने शिंगरे देणारा घोडाही गोठविण्याच्या कसोटीस उतरत नाही, असा अनुभव जगभर आला आहे. स्थूलमानाने पाहता चार घोड्यांपैकी एकाचे रेत चांगले गोठते, दोघांचे बेताचे व एकाचे वाईट. हा भेद पुष्कळसा घोड्याच्या शुक्रजंतूंच्या पटलाच्या रचनेत असतो. सबब कोणत्याही घोड्याच्या रेताच्या मात्रा साठविण्यापूर्वी त्याची चाचणी गोठवण करून पाहणे हा पहिला नियम होय.

घोड्याच्या जोपासनेकडे दुर्लक्ष करून प्रयोगशाळेकडून चमत्काराची अपेक्षा करू नये. शुक्रजंतू तयार होण्यास घोड्यात सुमारे ५७ दिवस लागतात, आणि ते पक्व होऊन बाहेर येईपर्यंत आणखी काही दिवस जातात. याचा अर्थ असा की, आज आलेला ताप, उन्हाचा तडाखा किंवा वृषणास झालेली इजा यांचा परिणाम पुढील दोन महिन्यांच्या रेतावर दिसू शकतो. घोड्यास सावली, हवेशीर तबेला, स्वच्छ पाणी, हिरवा चारा व रोजचा व्यायाम द्यावा. तो लठ्ठही होऊ देऊ नये व रोडही. अंग भरण्यासाठी किंवा जोर वाढविण्यासाठी बाजारात मिळणारी संप्रेरकांची इंजेक्शने कदापि देऊ नयेत. त्यांनी वृषणे आखडतात व रेत निकृष्ट होते.

पुष्कळ दिवस विश्रांती घेतलेल्या घोड्याच्या पहिल्या एक-दोन रेतात जुने व मृत शुक्रजंतू अधिक असतात. म्हणून गोठवणीपूर्वी काही दिवस रेत काढून ते टाकून द्यावे आणि नंतर एक दिवसाआड संकलन करावे. घोडीच्या हंगामात घोड्यावर नैसर्गिक संयोगाचे काम अधिक पडते. तेव्हा गोठवणीचे काम हंगाम संपल्यावर हाती घेणे सोयीचे जाते.

रेताचे संकलन

रेत कृत्रिम योनीच्या साहाय्याने, लाकडी वा लोखंडी सांगाड्यावर अथवा शांत स्वभावाच्या माजावरील घोडीवर घोडा चढवून घेतात. कृत्रिम योनीच्या आतील भागाचे तपमान ४४ ते ४८ अंश असावे. ते अधिक झाल्यास, विशेषतः रेत उष्ण भागातच सांडल्यास शुक्रजंतू भाजतात. संकलनपात्र ३७ अंशांवर उबदार ठेवावे. रेतातील चिकट भाग गाळणीने तेथेच वेगळा करावा.

रेताचे तीन शत्रू नेहमी लक्षात ठेवावेत: पाणी, ऊन आणि साबण. पाण्याचा एक थेंबही शुक्रजंतूंस मारक ठरतो. थेट सूर्यप्रकाशात क्षणभर ठेवलेले रेतही बिघडते. धुतलेल्या भांड्यात राहिलेला साबणाचा अंश डोळ्यास दिसत नाही, परंतु त्याचा परिणाम सूक्ष्मदर्शकाखाली तात्काळ दिसतो. रबरी दट्ट्याच्या पिचकाऱ्याही रेतास अपायकारक असतात. संपूर्ण प्लास्टिकच्याच पिचकाऱ्या वापराव्यात.

संकलन होताच रेताचे आकारमान, रंग, शुक्रजंतूंची संख्या, चलनशीलता व आकारातील दोष यांची नोंद करावी. ताज्या रेतातच निम्म्याहून कमी शुक्रजंतू पुढे धावत असतील, तर ते गोठविण्याच्या खटपटीत पडू नये.

रेतद्रव वेगळा करणे

घोड्याचे रेत आकारमानाने मोठे पण पातळ असते. त्यातील द्रवभागात शुक्रजंतू फार काळ राहिल्यास थंडी सहन करण्याची त्यांची शक्ती घटते. म्हणून रेतात प्रथम साय काढलेल्या दुधाचे व ग्लुकोजचे विरलक समभाग मिसळतात आणि मग ते अपकेंद्री यंत्रात फिरवितात. गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सहाशेपट जोराने दहा मिनिटे फिरविल्यास शुक्रजंतू तळाशी बसतात. वरचा द्रव काढून घ्यावा. मात्र तो सर्वच्या सर्व काढू नये. थोडा अंश, म्हणजे शेकडा पाचच्या आसपास, राहू देणे हितकारक असते.

यंत्र अधिक जोराने फिरविल्यास शुक्रजंतू चेपले जातात, कमी जोराने फिरविल्यास ते वरच्या द्रवाबरोबर वाहून जातात. ही अडचण टाळण्यासाठी नळीच्या तळाशी जड द्रवाची गादी घालण्याची पद्धत निघाली आहे. शुक्रजंतू त्या गादीवर अलगद विसावतात व जोर वाढविला तरी चेपत नाहीत. विशेष कणद्रवाच्या थरातून रेत फिरविण्याची दुसरी एक पद्धत आहे. तीत सशक्त शुक्रजंतू थर ओलांडून खाली जातात. मृत व विकृत शुक्रजंतू आणि घाण वरच राहते. धान्य पाखडून घेण्यासारखाच हा प्रकार होय. या पद्धतीत संख्या घटते, पण उरलेल्या रेताचा कस वाढतो. म्हणून बेताचे गोठणाऱ्या मौल्यवान घोड्यासाठी ती विशेष उपयुक्त आहे.

विरलक व रक्षक द्रव्ये

गोठविण्याच्या विरलकात प्रत्येक द्रव्याचे काम ठरलेले असते. अंड्यातील पिवळा बलक आणि दूध थंडीच्या धक्क्यापासून शुक्रजंतूंचे पटल राखतात. साखर शक्ती देते व शुक्रजंतूंतील पाणी बाहेर ओढण्यास साहाय्य करते. प्रतिजैविके जंतूंची वाढ रोखतात. ग्लिसरीन हे मुख्य रक्षक द्रव्य होय.

ग्लिसरीनची गरज का पडते हे समजून घ्यावे. रेत गोठताना प्रथम शुक्रजंतूंच्या बाहेरील पाण्याचे बर्फ होते. उरलेल्या पाण्यात क्षार दाटतात आणि शुक्रजंतूंतील पाणी बाहेर खेचले जाते. गोठण फार संथ झाली तर शुक्रजंतू या दाट क्षारात सापडून सुकतात. फार झपाट्याने झाली तर पाणी बाहेर पडण्यापूर्वीच आत बर्फाच्या सुया तयार होऊन पटल फाटते. ग्लिसरीन या दोन्ही संकटांची तीव्रता कमी करते. परंतु ते स्वतःही थोडे विषारी असल्याने घोड्याच्या रेतात त्याचे प्रमाण शेकडा अडीच ते पाच इतकेच ठेवतात.

ज्या घोड्यांचे रेत ग्लिसरीनमध्ये नीट गोठत नाही, त्यांच्यासाठी डायमिथिलफॉर्मामाइड किंवा मिथिलफॉर्मामाइड ही द्रव्ये वापरून पुष्कळदा चांगला परिणाम मिळाला आहे. त्यांचे रेणू ग्लिसरीनच्या रेणूंहून लहान असल्याने ते पटलातून सहज आतबाहेर होतात व शुक्रजंतूंवर कमी ताण पडतो. एकच विरलक सर्व घोड्यांस उत्तम ठरत नाही. म्हणून चाचणीच्या वेळी एकाच रेताचे दोन-तीन भाग करावेत, प्रत्येक भाग निराळ्या विरलकात गोठवावा आणि वितळवून तुलना करावी. ज्यात सर्वाधिक शुक्रजंतू जगले, तेच विरलक त्या घोड्यासाठी कायम करावे. दर्जा सुधारण्याचा यापेक्षा सोपा व स्वस्त उपाय दुसरा नाही.

थंड करणे व गोठविणे

वीस अंशांपासून पाच अंशांपर्यंतचा उतार घोड्याच्या शुक्रजंतूंस सर्वांत धोक्याचा असतो. या टप्प्यात तपमान एकदम उतरल्यास शुक्रजंतू गोलगोल फिरू लागतात, मागे जातात किंवा कायमचे निश्चल होतात. यासच शीताघात म्हणतात. हा उतार एक ते दोन तासांत हळूहळू पार करावा.

पाच अंशांवर आलेल्या कांड्या गोठविण्यासाठी संगणकाने चालणारे यंत्र असल्यास उत्तम. ते नसल्यास जाड थर्मोकोलच्या पेटीत द्रव नत्र घालून त्याच्या पृष्ठभागापासून तीन ते चार सेंटिमीटर उंचीवर कांड्या आडव्या ठेवाव्यात. नत्राच्या वाफेत दहा ते पंधरा मिनिटे ठेवल्यावर त्या नत्रात बुडवाव्यात. उंची प्रत्येक वेळी सारखीच राहील याची खबरदारी घ्यावी. उंची बदलली की गोठण्याचा वेग बदलतो.

प्रत्येक कांडीवर घोड्याचे नाव वा क्रमांक, जात, दिनांक व केंद्राचे नाव छापलेले असावे. नावनिशी नसलेली कांडी कोणाही घोडीस वापरू नये.

परीक्षा व हिशेब

गोठविलेल्या प्रत्येक गटातील एक-दोन कांड्या वितळवून त्यांची परीक्षा केल्याखेरीज तो गट साठ्यात घेऊ नये. चलनशीलता वितळविताच पाहावी आणि ३७ अंशांवर अर्धा तास ठेवून पुन्हा पाहावी. आरंभी जोराने धावून अर्ध्या तासात गळणारे रेत विश्वासार्ह नसते. शक्य तेथे पटल अखंड आहे काय, हेही रंगद्रव्याने तपासावे.

दर्जातील फरक व्यवहारात किती पडतो, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका घोड्याने ६० मिलिलिटर रेत दिले व त्यात दर मिलिलिटरला १५ कोटी शुक्रजंतू आहेत. म्हणजे एकूण ९०० कोटी झाले. अपकेंद्री यंत्रात पाचवा हिस्सा गेला असे धरल्यास ७२० कोटी उरले. दर कांडीत १० कोटी याप्रमाणे ७२ कांड्या भरल्या. वितळविल्यावर शेकडा ३५ शुक्रजंतू पुढे धावत असतील, तर एका कांडीत साडेतीन कोटी चांगले शुक्रजंतू मिळाले आणि आठ कांड्यांच्या मात्रेत २८ कोटी झाले. अशा मात्रा नऊ होतात. परंतु हलगर्जीमुळे चलनशीलता शेकडा २० वर आली, तर एका कांडीत दोनच कोटी उरतात. २५ कोटी भरण्यास तेरा कांड्या लागतात व ७२ कांड्यांत जेमतेम पाच मात्रा बसतात. घोडा तोच, रेत तेच. परंतु नऊ घोड्यांऐवजी पाचच घोड्या भरविता आल्या.

साठवण व वाहतूक

येथपर्यंतचे काम केंद्रातील तज्ज्ञांचे झाले. येथून पुढे जबाबदारी गावपातळीवर येते, आणि पुष्कळसे चांगले रेत येथेच नासते.

नत्रपात्रातील द्रवाची पातळी मोजपट्टीने ठराविक दिवशी मोजून वहीत लिहावी. उन्हाळ्यात नत्र लवकर उडते, म्हणून तेव्हा मोजणी अधिक वेळा करावी. पात्र सावलीत, हवा खेळती असलेल्या खोलीत, लाकडी फळीवर ठेवावे. मोटारीतून वा बैलगाडीतून नेताना ते उभे बांधावे. आडवे होऊ देऊ नये. पात्राच्या बाहेरील अंगावर दहिवर किंवा बर्फ दिसल्यास पात्र फुटले असे समजून कांड्या तात्काळ दुसऱ्या पात्रात हलवाव्यात. बंद खोलीत नत्र सांडल्यास श्वास कोंडण्याचे भय असते आणि त्वचेस स्पर्श झाल्यास भाजल्यासारखी जखम होते. यास्तव हातमोजे व चष्मा वापरावा.

कांडी काढताना डबी पात्राच्या मानेवर उचलू नये. मानेच्या खालीच धरून लांब चिमट्याने कांडी घ्यावी. पाच-सात सेकंदांत हवी ती कांडी मिळाली नाही, तर डबी पुन्हा नत्रात बुडवावी व मग प्रयत्न करावा. कांडी उबेत येऊन परत थंड झाली की तिच्यातील बर्फाचे कण मोठे होतात आणि शुक्रजंतूंस फाडतात. बाहेरून कांडी जशीच्या तशी दिसते. नुकसान रेतन फसल्यावरच कळते.

वितळविणे

पाण्याचे तपमान तपमापकाने पाहूनच ठरवावे. बोट बुडवून अंदाज करू नये. अर्धा मिलिलिटरची कांडी ३७ अंश तपमानाच्या पाण्यात ३० सेकंद बुडवावी. रेत पुरविणाऱ्या केंद्राने निराळी सूचना दिली असल्यास तीच पाळावी. मात्रेतील सर्व कांड्या एकमेकींस चिकटू न देता वितळवाव्यात. त्यानंतर त्या स्वच्छ कागदाने पूर्ण कोरड्या कराव्यात, टोक कापावे आणि रेत उबदार, कोरड्या साधनात घ्यावे. वितळविलेले रेत पुन्हा गोठविता येत नाही, आणि ठेवूनही देता येत नाही. घोडी सज्ज झाल्यावरच कांड्या वितळवाव्यात. कांड्या वितळवून घोडी पकडावयास जाऊ नये.

घोडीची तयारी व वेळ

ताज्या रेतातील शुक्रजंतू घोडीच्या अंगात दोन दिवस अथवा त्याहून अधिक टिकतात. गोठवून वितळविलेले शुक्रजंतू मात्र सुमारे अर्धा दिवसच टिकतात, आणि सुटलेले स्त्रीबीजही काही तासच फलनक्षम राहते. म्हणून रेतन स्त्रीबीज सुटण्यापूर्वीच्या १२ तासांत किंवा सुटल्यानंतरच्या ६ तासांत झाले पाहिजे. ही वेळ नुसत्या डोळ्यांनी साधत नाही.

यासाठी पशुवैद्यकाने ध्वनिलहरी यंत्राने घोडीच्या बीजांडकोशाची तपासणी करणे आवश्यक असते. बीजपुटिका ३५ मिलिमीटर वा अधिक मोठी झाली आणि गर्भाशयावर माजाची सूज दिसू लागली, म्हणजे स्त्रीबीज सोडविणारे इंजेक्शन देतात. त्यानंतर बहुतेक घोड्यांत ३६ ते ४२ तासांच्या सुमारास स्त्रीबीज सुटते. वरचेवर तपासणी शक्य असल्यास दर सहा तासांनी पाहून स्त्रीबीज सुटताच एक मात्रा द्यावी. ते शक्य नसल्यास इंजेक्शननंतर २४ व ४० तासांनी दोन मात्रा देण्याची पद्धत आहे. मात्रा कमी असतील तेव्हा लांब लवचीक नळीने, बीजपुटिका ज्या बाजूस असेल त्या बाजूच्या गर्भाशयाच्या शिंगाच्या टोकाशी रेत सोडतात. त्यामुळे थोड्या शुक्रजंतूंतही काम भागते.

या कामी गावातील कार्यकर्त्याचा वाटा मोठा आहे. घोडी केव्हा माजावर आली, घोडा दाखविला असता ती शेपूट उचलून उभी राहते काय, मागील माज कोणत्या तारखेस होता, ही माहिती वेळेवर कळविल्यास पशुवैद्यकाच्या फेऱ्या वाचतात. घोडीचे माजचक्र २१ ते २२ दिवसांचे असते, आणि दिवस मोठे होऊ लागले की घोड्या नियमित माजावर येतात, हे ध्यानात ठेवावे.

रेतनापूर्वी घोडीच्या गर्भाशयात दाह वा पू नाही याची खात्री करून घ्यावी. शेपटीस स्वच्छ पट्टी गुंडाळावी, बाह्यांग धुऊन कोरडे करावे. गोठित रेतानंतर काही घोड्यांच्या, विशेषतः वयस्क घोड्यांच्या, गर्भाशयात पाणी साचते. दुसऱ्या दिवशी तपासणी करून असे पाणी आढळल्यास पशुवैद्यक ते धुऊन काढतात व ऑक्सिटोसिन देतात. हे न केल्यास फलन होऊनही गर्भ टिकत नाही. १४ ते १६ व्या दिवशी गर्भतपासणी करून घ्यावी. जुळे गर्भ आढळल्यास त्याच वेळी उपाय करता येतो. उशीर झाल्यास बहुधा दोन्ही गर्भ गमवावे लागतात.

रोगांपासून सावधगिरी

द्रव नत्राच्या थंडीने शुक्रजंतूंबरोबर रोगजंतूही टिकतात. घोड्यांचा सांसर्गिक गर्भाशयदाह व विषाणुजन्य आर्टेरायटिस यांसारखे रोग रेतातून पसरू शकतात. एका रोगी घोड्याचे रेत अनेक गावांतील घोड्या बिघडवू शकते. म्हणून गोठवणीसाठी घेतलेल्या घोड्याची या रोगांबरोबरच डौरीन, संसर्गजन्य पांडुरोग व ग्लँडर्स यांसाठीही तपासणी झालेली असलीच पाहिजे. ग्लँडर्स हा रोग माणसासही होतो. सन २००६ मध्ये तो महाराष्ट्रातील घोड्यांत आढळला होता, हे विसरता कामा नये. रेत घेताना तपासणीचा दाखला मागण्यात मालकाने संकोच करू नये.

आणखी एक व्यावहारिक सूचना. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांच्या नोंदवहीत नैसर्गिक संयोगापासून झालेल्या शिंगरांचीच नोंद होते. कृत्रिम रेतनापासून झालेली शिंगरे तीत स्वीकारली जात नाहीत. इतर जातींच्या बाबतीतही नोंदणीचे नियम आधी विचारून घ्यावेत.

लक्षात ठेवावयाच्या गोष्टी

१. चाचणी गोठवण केल्याशिवाय कोणत्याही घोड्याच्या रेताचा साठा करू नये.

२. घोड्याच्या ताप, औषधोपचार व आजाराची तारीखवार नोंद ठेवावी. पुढील दोन महिन्यांचे रेत त्याप्रमाणे पारखावे.

३. पाणी, ऊन व साबण यांपासून रेत दूर ठेवावे.

४. एकाच रेताचे भाग करून त्या घोड्यास मानवणारे विरलक शोधावे.

५. नत्राची पातळी मोजल्याची नोंद चुकवू नये; डबी मानेवर उचलू नये.

६. तपमापकाशिवाय रेत वितळवू नये.

७. गाईचा सकाळ-संध्याकाळचा नियम घोडीस लावू नये. पशुवैद्यकाच्या तपासणीनेच वेळ ठरवावी.

८. प्रत्येक रेतनाची नोंद घोड्याचे नाव, कांड्यांची संख्या, वेळ व गर्भतपासणीचा निकाल यांसह ठेवावी, आणि ती रेत पुरविणाऱ्या केंद्रास कळवावी.

यांतील शेवटच्या सूचनेचे महत्त्व विशेष आहे. सूक्ष्मदर्शकाखाली उत्तम दिसणारे रेतही कधी कधी घोडी फळविण्यास अपुरे पडते, आणि बेताचे दिसणारे रेत उपयोगी पडते. रेताची अंतिम परीक्षा गाभण घोडी हीच होय. मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या वा माळेगावच्या यात्रेत घोड्यांची पारख करणारे जाणते लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांची पारख, पशुवैद्यकाचे ज्ञान आणि गावातील कार्यकर्त्याची नोंदवही यांची सांगड बसली, तर थोड्या उरलेल्या चांगल्या घोड्यांपासूनही पुष्कळ चांगली शिंगरे मिळविता येतील आणि देशी जातींचा वंश राखता येईल.